जंगलाची मोट

त्या संध्याकाळी मोट मी हाकत होतो. माझे वडील, आप्पा, घरी नव्हते, गडी नव्हता, आणि माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. आमच्या विहिरीच्या चाकाचा आवाज ऐकला की डोंगरातली हरणं पाण्याला येतात हे मला ठाऊक होतं. गुरांच्या पाण्याच्या दगडी हाळामागं बंदुका धरून माणसं बसली आहेत हेही ठाऊक होतं. एवढं आधीच लिहून टाकतो. नाहीतर लहानपणच्या गोष्टी सांगता सांगता माणूस हळूहळू स्वतःला निर्दोष करत जातो. मी तसं पुष्कळदा केलं आहे, मित्रांपुढं, बायकोपुढं आणि एकटा असतानाही.

आमची वस्ती जळकोटच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी कुशीत होती. मागच्या दारातून दगड भिरकावला तर तो निजामाच्या राखीव जंगलात पडायचा. मध्ये कुंपण नव्हतं, नुसते चुना लावलेले दगडी बुरूज होते, थोड्या थोड्या अंतरावर, माणसाच्या छातीएवढे. त्यांच्या अलीकडं आमची ज्वारी आणि पलीकडं धावडा, सालई, खैर, टेंभुर्णी, आणि घळीच्या तोंडाशी अंजनाची मोठी झाडं. दिवसा ते जंगल मुकं वाटायचं. तिन्हीसांजेला मात्र त्याला कंठ फुटायचा. आधी मोर ओरडायचे, मग भेकर भुंकायचं, आणि चुलीपाशी भाकरी थापणारी माझी आई, अव्वा, हात न थांबवता म्हणायची, "वाघरू उतरलं वाटतं." बिबट्याला ती वाघरू म्हणायची. आम्ही लिंगायत. अव्वाचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळं घरात निम्मी भाषा तिची होती. "बा, ऊट माडु," ये, जेवून घे, ही हाक मी आजही कधी स्वप्नात ऐकतो. ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी, अंबाडीची भाजी, आणि उन्हाळ्यात हुलग्याचं माडगं. जेवताना बाहेर तरस हसल्यासारखं ओरडलं तर आप्पा म्हणायचे, "बघ, त्याला वास गेला." मी घाबरून अव्वाच्या मांडीला चिकटायचो आणि दोघं हसायची.

पण जंगल आमचं नव्हतं, आणि ते आमचं नाही हे आम्हाला रोज सांगितलं जायचं. गाय बुरुजापलीकडं गेली की कोंडवाड्यात. वाळकी काटकी उचलली तरी गुन्हा. तेव्हाच्या नाकेदारानं, म्हणजे जंगलखात्याच्या राखणदारानं, एकदा अव्वाची मोळी आणि विळा काढून घेतला आणि तिला नाक्यावर उन्हात बसवून ठेवलं. मी तिच्याशेजारी उभा होतो. ती पदरानं माझ्या डोक्यावर सावली धरत होती आणि वर बघत नव्हती. शिकारीला मात्र हैदराबादचे पाहुणे यायचे, तंबू पडायचे, गावातली माणसं जनावरं हुसकायला, हाका घालायला नेली जायची. त्या चुन्याच्या बुरुजांचा मला लहानपणापासून राग होता. राग चुकीचा नव्हता. मी तो कशावर काढला, ते चुकलं.

मग दस्तगीरचाचा नाकेदार म्हणून आला. बायको वारलेली, बरोबर जैतुन नावाची लहान मुलगी. उंच, लांब हातांचा, खाकी कोटाला तीनच गुंड्या. तो काही संत नव्हता. लोणी आणि कोंबडी त्याला वर्ज्य नव्हती, शिव्या तोंडात असायच्या, आणि बिबट्याला तो आमच्यापेक्षा जास्त भ्यायचा. अंधार पडायच्या आत नाक्याचं दार लावून आतून मोठ्यानं खोकत बसायचा. आप्पा त्याला चिडवायचे, "नाकेदार, जंगल तुमी राखता का जंगल तुमाला राखतं?" तो म्हणायचा, "आप्पा, वो मेरेकू नक्को पूछो. मी दिवसाचा नाकेदार हाय. रातीचा नाकेदार दुसरा हाय, त्याला चार पाय हायत." जैतुन दिवसभर आमच्याच घरी असायची. अव्वा तिची वेणी घालायची, तिला ताकाचा तांब्या भरून द्यायची, आणि ती अव्वाकडून कानडी शिकून आम्हालाच चिडवायची.

आता मोटेचं सांगतो. आमच्या विहिरीवर बाभळीच्या लाकडाचं मोठं चाक होतं. मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, त्यावरून जायचा. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, खाली उतरले की चामड्याची मोट भरून वर यायची. थारोळ्यातून, म्हणजे काठावरच्या कुंडीतून, पाणी पाटाला लागायचं, आणि पाटाच्या टोकाला, जंगलाच्या अंगाला, दगडाचा लांबट हाळ होता, गुरांना पाणी पाजायचा. चैत्र लागला की घळीतला झरा आटायचा. तेव्हापासून मृगापर्यंत आप्पा रोज दिवस कलताना मोट जुंपायचे, रानाला पाणी द्यायचं नसलं तरी. ही जंगलाची मोट. त्यांच्या वडलांपासून चालत आलेली. तिचे दोन नेम होते. मोट हाकताना एरवी गाणं म्हणतात, या मोटेवर गाणं म्हणायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. आणि शिवरात्र झाली की चाकाला तेल घालायचं नाही. कोरडं चाक कुईं, कुईं करत लांबवर ऐकू जायचं, घळीच्या आतपर्यंत. त्या आवाजाला जनावरं ओळखायची. आधी मोर यायचे, मग हरणं, माना खालीवर करत. उशिरा सायाळ, डुकरं. चाक वाजतंय म्हणजे पाणी आहे आणि माणूस गप्प आहे, एवढं त्यांना कळलेलं होतं. शेजारच्या रानातले लोक हसायचे. "आप्पाचं चाक लागलं रडायला," म्हणायचे. पण त्या आवाजाच्या टप्प्यात कुणी जाळं लावलं नाही.

चाचा पहिल्या उन्हाळ्यात हे बघायला आला आणि हाळापाशी उभा राहून म्हणाला, "आप्पा, सरकारी जनावराला पाणी पाजायचं तर सरकारची परवानगी लागती."

आप्पा म्हणाले, "करायला लावा की अर्ज जनावरास्नी."

चाचा इतका हसला की मोर उडाले. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. पाहुणे शिकारीला आले की चाचा त्यांना डोंगराच्या दुसऱ्या अंगाला घेऊन जायचा. आमच्या बाजूला बोट दाखवून नरभक्षक बिबट्याची थाप मारायचा, "उधर तेंदवा है हुजूर, आदमखोर." स्वतःच्या भीतीचा त्यानं केलेला तो एकुलता एक चांगला उपयोग. आमच्या हाळावर कधी बंदूक आली नाही.

मी पुढं शिकायला सोलापूरला गेलो. तिथं सभा ऐकल्या, घोषणा दिल्या, निजामाचं राज्य जावं म्हणून जे जे तरुण म्हणत होते ते मीही म्हणालो, आणि ते आजही मी मागं घेत नाही. राज्य गेलं. आम्ही पोरांनी पहारी घेऊन चुन्याचे बुरूज पाडले. पहिला बुरूज मी पाडला, अव्वाला बसवून ठेवलं होतं त्या नाक्यासमोरचा. जंगल आता आपलं, असं ओरडत लोक कुऱ्हाडी घेऊन आत शिरले. आमच्यात कुणालाच असं वाटलं नाही की बुरूज निजामानं घातले होते, पण धावडा निजामानं लावला नव्हता. दाराच्या चौकटींसाठी, जळणासाठी, आणि नुसतं तोडता येतं म्हणून झाडं पडली. आप्पा ओट्यावर बसून कुऱ्हाडींचे आवाज ऐकायचे. मला एकदाच म्हणाले, "दगड पाडलास, बरं केलंस. थांबायचं कुठं ते आता कोण सांगणार?"

त्या दिवसांत मुसलमानांच्या घरांवर वाईट वेळ आली होती. आप्पांनी चाचाला आणि जैतुनला आमच्या माळवदावरच्या खोलीत ठेवलं. खाली लोक विचारायला यायचे, आप्पा दारात उभे राहायचे. निवळल्यावर चाचा पुन्हा नाक्यावर राहायला गेला. त्याची नोकरी आहे की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. खाकी कोट त्यानं जाळला होता. धोतर नेसून, हातात काठी घेऊन तो उरलेल्या जंगलात फिरायचा. मी चार पोरांसमोर त्याला विचारलं, "चाचा, आता कुणाची चाकरी?" पोरं हसली. तो म्हणाला, "पगार थांबला, छोटे आप्पा. पाय थांबत न्हाईत, काय करू." छोटे आप्पा हे त्यानं मला लहानपणी दिलेलं नाव. मला ते त्या दिवशी आवडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या अमलातले एक साहेब आणि त्यांचे दोन मित्र जीपमधून आले. मला इंग्रजी येतं म्हणून गावानं मला त्यांच्याबरोबर दिलं. साहेब बोलायला मोकळे होते. सिगारेटचं पाकीट पुढं करत म्हणाले, "तुझ्यासारखी मुलं हवीत आता सरकारात. बघू आपण." त्या 'बघू आपण'वर मी दोन दिवस तरंगत होतो. डोंगर पालथा घातला, पण एक जनावर दिसेना. कुऱ्हाडींनी सगळी आत दडली होती. साहेबांचा एक मित्र म्हणाला, "काय हो, तुमच्या जंगलात नुसते सरडेच आहेत का?" सगळे हसले. ते माझ्या जंगलाला हसत नव्हते, मला हसत होते, असं मला वाटलं.

मी म्हणालो, "हरणं पाहिजेत ना? मी बोलावतो."

साहेब यायच्या आधीच आप्पा आणि अव्वा माकणीला आत्याच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. वस्तीवर मी एकटाच होतो. मी साहेबांना हाळामागच्या करवंदीच्या जाळीत बसवलं, वारा कुठून येतो ते बघून. हे मला आप्पांनीच शिकवलं होतं. मग बैल जुंपले. मोट विहिरीत सोडली, नाड्यावर बसून बैल धावेवरून उतरवले, आणि चाक वाजायला लागलं. त्या क्षणापर्यंत मला अभिमान वाटत होता. खोटं कशाला लिहू.

मोर आले. त्यांच्यामागून हरणं आली, नेहमीसारखी रांगेनं, एक मादी पुढं. पाडसं होती. हाळाशी येऊन त्यांनी माना खाली घातल्या आणि बार झाले. पुढची मादी तोंड पाण्यात असतानाच बसली. बाकीची उधळली, उताराला लागली. बैल बुजून धावेवर आडवे झाले, चाक थांबलं. जाळीतून साहेबांचा हात वर आला. मला दिसला. बोटं गोल फिरवत होता, चालू ठेव म्हणून. आणि मी बैलांना थोपटलं, सरळ केलं आणि पुन्हा धावेवर घातलं. चाक वाजलं. उतारावर हरणं थबकली. कान वळले. आणि ती परत आली. बाराचा आवाज त्यांनी ऐकला होता, रक्ताचा वास त्यांना आला असणार, तरी ती परत आली, कारण चाक वाजत होतं.

तेवढ्यात बांधावर चाचा आला. आप्पा घरी नाहीत हे त्याला ठाऊक होतं. चाक ऐकून त्याला वाटलं, मी आप्पांची मोट धरली. तो हसत येत होता. ते हसू मला लांबून दिसलं. मग त्याला हाळ दिसला. बार त्यानं ऐकला असेल आणि डोंगरात कुठं असेल असं समजला असेल, ठाऊक नाही. दोन्ही हात वर करून तो धावत सुटला. "चाक थांबीव! अरे छोटे आप्पा, चाक थांबीव!" कासरा माझ्या हातात होता. बैल गरीब होते, नुसता ओढला असता तरी थांबले असते. मी खाली बघितलं आणि बैल हाकत राहिलो. दुसऱ्यांदा बार झाले.

साहेबांच्या मित्रानं चाचाला ढकललं, तो पाटात पडला. "कोण हा?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "जुना नाकेदार आहे. निजामाचा." मी चाचा म्हणालो नाही. ते हसले, हरणं जीपमध्ये टाकली, एक पाडूस सापडलं नाही म्हणून थोडं शोधलं, आणि गेले.

हाळ मी धुतला, पण दगडाच्या सांध्यात राहायचं ते राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले आणि जनावरांना वैरण टाकायच्या आधी हाळाशी गेले. मी चुलीपाशी बसून राहिलो. त्यांनी मला विचारलंच नाही. माझ्यावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातच आलं नाही. शिकारी आणायचे ते नाकेदारानं, हे आयुष्यभर बघितलेलं. ते सरळ नाक्याकडं निघाले, मी मागं.

"नाकेदार," आप्पा अंगणातूनच म्हणाले, "माळवदावर ठिवलं तुमाला. ह्यासाठी व्हय?"

चाचा ओट्यावर उठून उभा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात जीभ होती, सकाळची वेळ होती, मारायला कुणी उठलं नव्हतं. चाचानं मान खाली घातली.

"चुकलं माझं, आप्पा," तो म्हणाला.

"सवय सुटत न्हाय माणसाची," आप्पा म्हणाले आणि माघारी फिरले. घरी येऊन त्यांनी एरंडेलाची वाटी घेतली, विहिरीवर चढले आणि चाकाच्या आखात तेल सोडलं. चाक हातानं फिरवून बघत होते आणि पुन्हा सोडत होते. शेवटी चाक फिरलं आणि काहीच ऐकू आलं नाही. ते उतरले आणि हात न धुता बसून राहिले. अव्वानं हाक मारली, "बर्री, ऊट माड्री," ते उठले नाहीत. त्या उन्हाळ्यात अव्वानं जैतुनला ताक दिलं नाही. ती एकदा तांब्या घेऊन दारात आली होती. अव्वा आत निघून गेली.

पुष्कळ वर्षं मी मनाशी म्हणत आलो की चाचानं मोठ्या मनानं माझं पाप पोटात घातलं. हे समजणं सोयीचं होतं. त्यात त्याचं मोठेपण होतं, आणि त्या मोठेपणाला कारण झाल्याचा मलाही एक भिकार मान होता. आता वय झाल्यावर दुसरं दिसतं. त्या काळात त्या माणसानं, जीपवाल्या साहेबाबरोबर फिरणाऱ्या पोराचं नाव कुणापुढं घ्यायचं? तो मोठ्या मनानं गप्प बसला नाही. तो मला भ्याला. ज्या पोराला त्यानं खांद्यावर बसवून मोरांची अंडी दाखवली, त्याला.

साहेब शब्दाला जागले. मला शाळाखात्यात नोकरी लागली. चाचा नाका सोडून गेला. पुढं ठेकेदार आले, घळीच्या तोंडाशी कोळशाच्या भट्ट्या लागल्या, अंजनाची झाडं त्यांत गेली. आप्पांनी त्यानंतरही दोन-तीन उन्हाळे हाळ भरून ठेवला, मुक्या चाकानं. सकाळी पाणी तसंच असायचं, वर मधमाश्या मेलेल्या. मग त्यांनी भरायचं सोडलं. मी सुट्टीत घरी यायचो, त्यांच्याशेजारी जेवायचो. सांगायचं ठरवून यायचो, आणि पावसाचं, पिकाचं, बदलीचं बोलून परत जायचो. ते वारले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेव्हाही मी बोललो नाही.

आता तो डोंगर उघडा आहे. सरकारनं पुन्हा हद्दीचे दगड घातले आहेत, त्यांनाही चुना लावला आहे. आत हेकळाची काटेरी झुडपं आणि कुसळ आहे. मागच्या वर्षी वर्गात धडा शिकवताना एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, आपल्या डोंगरात हरणं हुती म्हणं. कुठं गेली?" मी फळ्याकडं वळलो. त्या रविवारी मी सास्तूरची वाट धरली.

चाचा तिथं जैतुनकडं राहत होता. तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान, घर त्याच्याच मागं. चाचा बाजेवर बसला होता, हात तेवढेच लांब, बाकी सगळा आटलेला. मला ओळखलं आणि उठायला लागला. "बसा साहेब, बसा," म्हणाला. जैतुननं चहा आणला. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. ती म्हणाली, "आप्पा गेल्याचं कळलं हुतं. मातीला येणार हुतो. अब्बा म्हणले, कुठल्या तोंडानं जायचं."

मी कप खाली ठेवला. चाचाला म्हणालो, "चाचा, त्या दिवशी शिकारी मी आणले हुते."

तो म्हणाला, "मला म्हाईत असलेलंच सांगायला एवढ्या लांब आलात, साहेब?"

त्यानं पुढं विचारलं, "आप्पांना सांगितलं का?"

"न्हाय."

"म्हणजे ते तसेच गेले." तो हे रागानं बोलला नाही. बाजेची सुटलेली सुंभाची दोरी बोटाला गुंडाळत बोलला. मग लेकीकडं हात केला. "मला नक्को बोलू. हिला बोल. हिला म्या कधी सांगितलं न्हाय."

जैतुन उंबऱ्यात उभी होती. तिच्यामागं तिची दोन पोरं, आणि शिलाईयंत्र थांबवून आलेला नवरा. मी उठलो आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"जैतुन," मी म्हणालो, "हाळावर शिकारी तुझ्या अब्बानं आणले नव्हते, म्या आणले. चाक मीच फिरवत हुतो. अब्बा थांबीव थांबीव म्हणत धावत आले, म्या थांबवलं न्हाय. आप्पांपुढं त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी शेजारी उभा राहून ती घेऊ दिली. आप्पांना सांगायला आता जागा न्हाय. तुमी हायसा, म्हणून तुमाला सांगतो. चुकलं माझं."